चौथ्या मजल्यावर एक जखमी

बॅटरी चालू. इंधनाचा पंप चालू. डाव्या इंजिनाची झडप उघडली. उजव्या इंजिनाची झडप उघडली. पंख्याचा ब्रेक सोडला.

अजून काहीही झालेलं नाही. हेलिकॉप्टर जमिनीवर आहे, मी खुर्चीत आहे, खुर्ची आमच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत आहे, आणि फरशी पुसायच्या मॉपचा दांडा कुठे गेला म्हणून बायको दाराबाहेरून विचारते आहे. दांडा माझ्या डाव्या हातात आहे. तो वर ओढला की हेलिकॉप्टर वर जातं. हे तिला एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, तोच पुढेमागे केला की फरशी स्वच्छ होते, आणि ते सगळ्यांना दिसतं.

हेलिकॉप्टर म्हणजे किल्ली फिरवली आणि उडालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं थांबतो. संगणकावरच्या युद्धाच्या खेळात तसं करता येतं. एक बटण असतं. ते दाबलं की इंजिन, पंखे, दिवे सगळं आपोआप चालू होतं आणि माणूस गोळ्या झाडायला मोकळा. आमच्या पथकात त्या बटणाचं नावही काढत नाहीत. आम्ही वास्तववादी आहोत. खऱ्या वैमानिकाला जे जे करावं लागतं ते ते आम्ही क्रमाने करतो, आणि आपटलो की पुन्हा पहिल्यापासून करतो. खऱ्या हेलिकॉप्टरला पॉज नसतो, म्हणून आम्हालाही नाही. मग दारात कुरिअरवाला असो नाहीतर पोटात कळ. खरा वैमानिक मेल्यावर बोलत नाही, म्हणून आपटलेल्याने मोहीम संपेपर्यंत तोंड मिटून बसायचं. ह्या नियमामुळे मी घरात बराच वेळ मेलेला असतो. बायको विचारते, जेवायला वाढू का? मी गप्प. ती ताट झाकून निघून जाते. हा नियम तिला माझ्यापेक्षा जास्त आवडतो असा मला संशय आहे.

हे नियम ज्यांनी केले त्यांना आम्ही कप्तान म्हणतो. त्यांचं औषधांचं दुकान आहे. ते कधी सैन्यात नव्हते, कधी हेलिकॉप्टरमध्ये बसले नाहीत, विमानात बसले तेव्हा त्यांना उलटी झाली. पण रेडिओवर त्यांचा आवाज आला की पाठ आपोआप ताठ होते. 'नियंत्रण कक्ष ऐकतो आहे,' एवढंच म्हणतात. मागे एखादं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत असतं.

असो. इंजिन चालू. पंखा फिरतो आहे. दांडा हळूहळू वर. हेलिकॉप्टर उठलं. आता ते एका जागी हवेत तरंगत ठेवायचं, आणि इथेच सगळं मुसळ केरात जातं. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात काठी, पायांखाली दोन पेडल. (पेडल जुन्या शिलाई मशीनचं, सुताराने आडवं बसवून दिलं आणि कशासाठी ते विचारलं नाही, ह्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्यानेच खुर्चीला भंगारातल्या मोटारीचा पट्टाही ठोकून दिला.) दांडा वर केला की हेलिकॉप्टरचं नाक फिरतं. नाक सरळ करायला पेडल दाबलं की ते बाजूला सरकतं. सरकू नये म्हणून काठी कलवली की खाली बसतं. म्हणून पुन्हा दांडा. थोडक्यात, एकाची समजूत काढली की दुसरा रुसतो. ज्याने घरात सासू, मेहुणी आणि बायको ह्यांच्यात मध्यस्थी केली आहे त्याला हे जमायला हवं होतं. पण मी धीर सोडला नाही. समोर छप्पर दिसत होतं. दांडा केसभर खाली केला, काठी केसभर पुढे, आणि अलगद, अगदी अलग



बॅटरी चालू. इंधनाचा पंप चालू. डाव्या इंजिनाची झडप.

पडलो. सांगायलाच हवं असं नाही.

मी लिफ्टचा निरीक्षक आहे, सरकारी. लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांकडे संशयाने बघायचा मला पगार मिळतो. सुट्टीच्या दिवशी असं एखादं यंत्र हवं, ज्याला दोर नाही, दार नाही आणि ज्याच्याखाली कोणाची सही लागत नाही, एवढंच मला वाटलं होतं. पण आमच्या पथकातलं हेलिकॉप्टर दोन माणसांचं. मागे पायलट, पुढे गनर; बघणाराही तोच आणि झाडणाराही तोच. दोघं आपापल्या घरी, आपापल्या संगणकापुढे, पण बसलेले एकाच हेलिकॉप्टरमध्ये. पायलटला पुढचं नीट दिसत नाही. गनर सांगेल तसं जायचं. माझे गनर म्हणजे माझे साडू.

साडूभाऊंचं चष्म्यांचं दुकान आहे. जगाला दिसावं म्हणून ते झटतात. त्यांना स्वतःला समोरचा रणगाडा दिसत नाही. मी तरंगत असतो, रणगाडा आमच्यावर तोफ वळवत असतो, आणि साडूभाऊ म्हणतात, 'ते झुडूप आहे.' तरीही आमचं बरं चाललं होतं. मग लिफ्टचं झालं.

साडूभाऊ चौथ्या मजल्यावर राहतात, आणि त्या इमारतीचे सेक्रेटरीही तेच. सासूबाई त्यांच्याकडे असतात. सासूबाईंचे गुडघे गेलेले. जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे त्यांचं बाहेरचं सगळं जग त्या लिफ्टमधून येत-जात होतं. साडूभाऊंचा लिफ्टवर फार जीव. नुकताच त्यांनी तिच्यात पदरमोड करून, दुकानाच्या पद्धतीने कडा घासलेला आरसा बसवला होता. अशात आमच्या कार्यालयात त्या लिफ्टबद्दल तक्रार आली. कोणाची, ते सांगता येत नाही. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे. बायकोला सांगितलं नाही, साडूंना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. मी गेलो, वर चढून दोर पाहिला. दोराच्या तारा तुटून म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारख्या बाहेर आल्या होत्या. लिफ्टला सील ठोकलं. दुसरं काय करणार होतो?

साडूभाऊ तेव्हा सगळ्या रहिवाशांना जमवून उभे होते. 'आमचेच साडू आहेत, लगेच प्रमाणपत्र मिळेल,' असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. सील पाहिल्यावर ते मला काही बोलले नाहीत. आरशाकडे पाहून बोलले. म्हणाले, लोकांचे नातेवाईक अडलेली कामं करून देतात, आमचे चाललेली बंद पाडतात. मग तक्रार कोणी केली ते विचारलं. मी नियम सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी नियमाचं पोटकलम सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

फक्त हेलिकॉप्टर बंद झालं नाही. कप्तानांनी साफ सांगितलं, जोडी बदलता येणार नाही, खऱ्या सैन्यात साडू आवडत नाही म्हणून बदलून मिळत नाही. तेव्हा असं ठरलं, म्हणजे कोणी न ठरवता ठरलं, की हेलिकॉप्टरमध्ये बोलायचं, पण फक्त कामाचे शब्द. डावीकडे. उजवीकडे. तरंगा. समजलं. पुन्हा सांगा. त्यातही साडूभाऊ 'समजलं' अशा सुरात म्हणत की त्यात सील, आरसा आणि पोटकलम तिन्ही ऐकू येत. आणि मी

झाड. साडूभाऊ म्हणाले होते, ते झुडूप आहे.



बॅटरी चालू. पंप चालू.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलीचं लग्न ठरलं. थाटमाट नको, नोंदणी कार्यालयात शनिवारी सह्या करायच्या आणि घरी यायचं, एवढंच दोघा मुलांचं म्हणणं. त्यात मुलीची एकच अट: पहिली साक्षीदार आजी. आणि आजी चौथ्या मजल्यावर, लिफ्टला सील, आणि सील ठोकणारा नवरीचा बाप.

बायकोने मला ह्याची जाणीव करून दिली. आरडाओरडा केला नाही. मॉपला नवा दांडा लावता लावता म्हणाली, 'आई आली नाही तर लग्न थांबणार नाही. फक्त मी तिथे नसेन.'

मी तिला सांगितलं की सरकारी यंत्रणा हलवतो. हलवली. दोर बदलायला आला, पण जाड निघाला, परत गेला. नवा आला, बसला. आता तपासणी. मी नातेवाईक; लिफ्ट बंद करायला नातेवाईक चालतो, चालू करायचं प्रमाणपत्र द्यायला चालत नाही. हा नियम कार्यालयात काटेकोर पाळला जावा म्हणून मागच्याच वर्षी मी स्वतः टेबलावर मूठ आपटली होती. दुसरा निरीक्षक दाढ काढून रजेवर गेलेला, आणि दाढेला सूज. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, सूज उतरली की लिफ्ट उतरेल.

मग अग्निशमन दल. त्यांनी विचारलं, आग लागली आहे का? नाही म्हटलं. मग लागली की सांगा, म्हणाले. मग रुग्णवाहिका. ते म्हणाले, पेशंटला आजार काय? मी सासूबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, मी ठणठणीत आहे, आजारी असेल तो फोन करणारा. मग सामान हलवणारे. ते तयार झाले, पण त्यांच्या नियमाप्रमाणे वस्तू पॅक केलेली लागते.

आमच्या इमारतीतल्या लोकांचे सल्ले तर न मागता येत होते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्या खोलीतून रोज हेलिकॉप्टरचा आवाज येतो, मग त्यातूनच का आणत नाही? आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, आवाजाबद्दल अजून कोणाची तक्रार नाही म्हणून मी गप्प आहे, पण तक्रार आली तर मला नियमाने जावं लागेल. मी म्हटलं, नियमाने जाणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा कमरेवर हात ठेवून दारात उभा असतो.

शेवटी राहिला एक उपाय: खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणायचं. दोघं म्हणजे दोन जावई. जिना अरुंद, आणि सासूबाई तिऱ्हाइताच्या हातात जायला तयार नाहीत. म्हणजे साडूंना विचारायला हवं. फोन मी करणार नव्हतो. ते करणार नव्हते. दोघी बहिणींनी आपापसात ठरवून पाहिलं, तर तिकडून निरोप आला, त्यांना गरज असेल तर त्यांनी विचारावं. मी उलट निरोप पाठवला, सासूबाई त्यांच्या घरात आहेत, तेव्हा गरज त्यांची. बायकोने हा निरोप पोचवलाच नाही.

त्या दुपारी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि बायको चहा घेऊन आत आली. आजवर ती त्या खोलीत फक्त काहीतरी परत न्यायला आली होती. तिने कप पंख्याच्या ब्रेकजवळ ठेवला, माझा पट्टा नीट बसला आहे का पाहिलं आणि म्हणाली, 'आज उडा. आणि त्यांना विचारा.'



बॅटरी चालू. पंप चालू. दोन्ही झडपा. ब्रेक. इंजिन. पंखा. उड्डाण.

त्या दिवशी पथकाची परीक्षा होती. टेकडी ओलांडायची, एका पडक्या इमारतीच्या छतावर तरंगायचं, जखमी सैनिक उचलायचा. नियंत्रण कक्ष ऐकत होता. टेकडीपर्यंत मी शब्द जुळवत होतो. घरगुती बोलायचं नाही हे ठरलेलं. कामाच्याच शब्दांत विचारायला हवं होतं.

'पायलट बोलतोय,' मी म्हणालो. 'चौथ्या मजल्यावर एक जखमी आहे. खाली आणायचा आहे.'

टेकडी मागे पडली.

'गनर. समजलं,' साडूभाऊ म्हणाले. 'जखमी तिथे कोणामुळे अडकला?'

'नियंत्रण कक्ष,' कप्तान मध्येच म्हणाले. 'आपल्या मोहिमेत चौथा मजला नाही. जखमी छतावर आहे.'

'हा दुसरा जखमी,' मी म्हणालो. 'शनिवारी सकाळी उचलायचा. दोन माणसं लागतील. एक पायलट, एक गनर.'

'गनर. पायलटने लिहून द्यावं की पुन्हा चौथ्या मजल्याचा मार्ग बंद करणार नाही.'

'मार्ग धोक्याचा होता. पाहणी केली होती.'

'पाहणी कोणाच्या सांगण्यावरून केली?'

'माहिती देणाऱ्याचं नाव सांगता येत नाही.'

'हे बरोबर आहे,' कप्तान म्हणाले. 'युद्धात नाव सांगत नाहीत.' आणि मग हळू आवाजात, 'जखमीचं वजन किती?'

छत आलं होतं. बोलता बोलता मी फार वेगाने उतरायला लागलो होतो. दांडा वर ओढला. हेलिकॉप्टर आणखी खाली गेलं. आणखी ओढला. ते दगडासारखं जायला लागलं. साडूभाऊ म्हणत होते, आरसा सरकारने नाही लावला. मी म्हणत होतो, पोटकलम आरशाला लागू होत नाही, दोराला होतं. दांडा कानापर्यंत आला होता.

आम्ही दोघं एकदमच मेलो. त्यामुळे दोघांनाही गप्प बसावं लागलं, आणि बोलायला कप्तान एकटेच उरले. 'स्वतःच्या वाऱ्यात सापडलात,' ते म्हणाले. 'आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत आपण उतरायला लागलो की तीच हवा आपल्याला घेऊन बुडते. जितका जोर लावाल तितके लवकर बुडाल. अशा वेळी दांडा सोडायचा, काठी पुढे करायची आणि त्या हवेतून बाहेर निघायचं. परीक्षा नापास.' मागे कोणीतरी मलम मागत होतं. 'आणि शनिवारच्या मोहिमेला नियंत्रण कक्ष लागेल. मी फोनवर आहे. मेलेल्यांनी उत्तर द्यायची गरज नाही. दोघं येणार असाल तर गप्प राहा.'

कोणीच बोललं नाही.



बॅटरी चालू. ही साडूभाऊंच्या फोनची. कप्तानांना लावून तो त्यांनी शर्टाच्या खिशात स्पीकरवर ठेवला होता.

शनिवारी सकाळी मी माझी उड्डाणाची खुर्ची घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढलो. तिला पट्टा होता आणि बाकी कोणत्याही खुर्चीला नव्हता. सासूबाई नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन तयार. कानातलं यंत्र त्यांनी हातात धरलं होतं. नको ते बोलणं चाललं असेल तेव्हा त्या बॅटरी बंद आहे म्हणतात. आम्हा दोघांना एकत्र पाहून त्यांनी ते कानात घातलं.

पट्टा बांधला. खुर्चीच्या पाठीला वर साडूभाऊ, पुढच्या पायांना खाली मी. मला उलटं उतरायचं होतं. दिसत होतं ते फक्त सासूबाईंचं तोंड. जिना दिसत होता साडूंना. म्हणजे जागा बदलल्या होत्या, पण बघणारे तेच आणि न दिसणारा मीच. मेहुणी मागून छत्री, पाण्याची बाटली आणि सूचना घेऊन येत होती.

'गनर. एक पायरी खाली.'

'समजलं.'

'उजवीकडे कठडा. वीतभर.'

'समजलं.'

'नियंत्रण कक्ष,' खिसा म्हणाला. 'जखमीची स्थिती?'

'हा कोण?' सासूबाईंनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही खरोखर छान उतरलो. हेलिकॉप्टर इतकं छान मी कधी उतरवलं नव्हतं. वळणावर साडूभाऊ 'तरंगा' म्हणाले, आम्ही तरंगलो. पुढे 'नाक डावीकडे' म्हणाले, मी सासूबाईंचं नाक डावीकडे केलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार आलं. त्यावर माझं सील, त्यावर माझी सही.

साडूभाऊ म्हणाले, 'ही चालू असती तर आता आपण खाली असतो.'

'जरा जास्तच खाली असतो,' मी म्हणालो.

मग सुरू झालं. साडूभाऊ म्हणाले, सगळ्या इमारतीसमोर माझी शोभा झाली. मी म्हणालो, नियम. ते म्हणाले, निदान घरी येऊन कानात सांगायचं. मी म्हणालो, पोटकलम. ते म्हणाले, तक्रार करणारा हरामखोर कोण ते फक्त एकदा सांगा, मी त्याला ह्याच जिन्यावरून... आणि खुर्ची त्यांच्या बाजूने सरकली. मी जोर लावला. ती माझ्या अंगावर कलली. त्यांनी जोर लावला. ती आणखी खाली आली. माझी टाच पायरीच्या कडेवर होती आणि सासूबाई पट्ट्यात पुढे झुकून माझ्या नाकाला नाक लावायच्या बेतात होत्या.

'स्वतःच्या वाऱ्यात सापडलात,' खिसा ओरडला. 'जोर सोडा. पुढे निघा.'

'थांबा,' सासूबाई म्हणाल्या.

आम्ही थांबलो. मेहुणीसुद्धा थांबली.

'हरामखोर मी आहे,' सासूबाई म्हणाल्या.

'तुम्ही?' साडूभाऊ म्हणाले.

'दोर कुरकुरायचा. मला ऐकू यायचं. एकदा मी आत असताना ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि मी आरशात स्वतःचं तोंड बघत उभी. थोरले जावईबापू, तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही नुकता आरसा बसवलेला. रोज विचारायचात, आई, आरसा कसा दिसतो? मग कसं सांगू? म्हणून ह्यांच्या कचेरीत फोन केला.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'नाव सांगू नका म्हटलं, तर हे खरंच कोणालाच बोलले नाहीत. बायकोलाही नाही. मला वाटलं होतं, दोन दिवसांत फुटेल.'

'मग तुम्ही का नाही बोललात?' साडूभाऊंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

'मला कुठे कोणी विचारलं? आणि तुमच्याच घरात राहून तुमच्याच लिफ्टची तक्रार केली म्हणून कशी सांगू? चला आता. पोरगी खोळंबली आहे.'

'नियंत्रण कक्ष,' खिसा हळूच म्हणाला. 'जखमीने सहसा बोलू नये. पण नोंद घेतली.'

मी साडूंकडे पाहू शकत नव्हतो; मध्ये सासूबाई होत्या. फक्त खुर्चीचं वजन कळत होतं. इतका वेळ ते माझ्यावर होतं. आता ते हळूहळू कमी झालं, वरून कोणीतरी जास्त उचलून धरल्यासारखं.

'गनर,' साडूभाऊ म्हणाले. 'समजलं.' आणि ह्या खेपेला त्या शब्दात फक्त तेवढंच होतं. 'एक पायरी खाली. सावकाश. मी धरलंय.'

तळमजल्यावर बायको उभी होती. तिने आईला पाहिलं, मग आम्हा दोघांना पाहिलं, आणि माझ्या हातातून खुर्चीचा पाय सोडवून घेतला. लग्न झालं. पहिली सही सासूबाईंची. चष्मा चौथ्या मजल्यावर राहिल्यामुळे ती नवऱ्या मुलाच्या रकान्यात झाली, पण ते नोंदणी अधिकाऱ्याने समजून घेतलं. कप्तानांनी फोनवरून निकाल दिला: उतरणं उत्तम, परंतु उड्डाणापूर्वीची तपासणी क्रमाने केली नाही, म्हणून नापास.



बॅटरी चालू. पंप चालू.

एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. खाली आणलेला माणूस वर न्यावा लागतो. हेलिकॉप्टरमध्ये वर जाणं सोपं आणि उतरणं कठीण, जिन्यात उलटं. नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर आम्ही दोघं जावई आपापली कंबर धरून उभे राहिलो. सासूबाई म्हणाल्या, दाढेची सूज उतरेपर्यंत मी धाकट्यांकडे राहते, तळमजला आहे. आमच्याकडे रिकामी खोली एकच. मागची.

तेव्हापासून संगणक कोपऱ्यात, पलंग मध्ये. साडूभाऊ रविवारी आमच्याकडेच येतात. आता आम्ही एकाच हेलिकॉप्टरमध्ये आणि एकाच खोलीत असतो. बोलायला मोकळे आहोत, तरी सवयीने कामाचेच शब्द वापरतो. रणगाडा आला की ते अजूनही झुडूप म्हणतात. पण मी आता तरंगतो. चक्क एका जागी, चहा संपेपर्यंत.

काल असाच तरंगत असताना दारावर थाप पडली. काठी साडूभाऊंच्या हाती देऊन मी दार उघडलं. सोसायटीचे अध्यक्ष. हातात कागद. म्हणाले, तुमच्या मागच्या खोलीतून हेलिकॉप्टरचा आवाज येतो, अशी तक्रार आली आहे, उद्यापासून बंद.

'कोणी केली?' मी विचारलं.

'नाव सांगता येत नाही,' अध्यक्ष म्हणाले. 'तुम्हाला नियम ठाऊकच असेल.'

माझ्या पाठीमागे साडूभाऊंनी इंजिन बंद केलं. एक एक बटण, क्रमाने. मी वळून पाहिलं. सासूबाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या, पट्टा लावून, खिडकीबाहेर बघत.

'आई,' मी म्हणालो, 'तुम्हाला काही माहीत आहे का?'

त्यांनी कानाकडे बोट केलं.

'बॅटरी बंद आहे,' म्हणाल्या.